शिरूरला संपलेले तास

मोशी सोडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, चिंबळी फाटा आणि कुरुळी मागे पडली की नाशिक रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्यांची रांग सुरू होते. आळंदी फाट्यापर्यंत आणि तेथून थेट चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत ती कमी-अधिक तशीच असते. एमएच, टीएन, एचआर, आरजे आणि नागालँडची एनएल पाटी लावलेले लांबलचक कंटेनर. इंजिन बंद. केबिनच्या दारातून पाय बाहेर सोडून बसलेला ड्रायव्हर, खाली गाडीच्या सावलीत चटई टाकून पडलेला क्लीनर, छोट्या गॅसवर शिजणारा भात. येणारा-जाणारा म्हणतो, "या ट्रकवाल्यांनी रस्ता अडवला." मोटारसायकलवरून पाळीला निघालेले आपले कामगार बांधवही हेच म्हणतात. ही माणसे येथे का उभी आहेत, किती वेळ उभी आहेत, आणि या उभे राहण्याचे त्यांना काही मिळते काय, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

या पट्ट्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को असे एकेक कारखाने उभे राहिले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भाकडून माणसे पोटासाठी निघाली, त्यांतली अनेक कुटुंबे पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या वस्त्यांत स्थिरावली. १९७० ची नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली. पहिल्या पिढीने हमाली केली, हेल्परकी केली. दुसऱ्या पिढीतील ज्यांना आयटीआय जमले ते फिटर, टर्नर झाले. ज्यांना फाटकाच्या आत जागा मिळाली नाही, त्यांच्यातील पुष्कळांनी क्लीनर म्हणून गाडीवर चढून लायसन काढले आणि स्टिअरिंग हाती घेतले. म्हणून आज आपल्या वस्तीत दर गल्लीला दोन-चार घरे ड्रायव्हरची सापडतात.

चाकण त्या वेळी कांद्याच्या बाजाराचे आणि संग्रामदुर्गाचे गाव होते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेला ज्या भुईकोटावर झुंजवले, तो किल्ला. १९९९ साली बजाजने चाकणला कारखाना काढला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, २०१० साली महिंद्रा. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, सावरदरी, वासुली या गावांची शिवारे टप्प्याटप्प्याने एमआयडीसीत गेली. शेतातल्या वस्तीच्या जागी पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आल्या. रस्ते मात्र जवळपास तेच राहिले.

आता गाड्या उभ्या का राहतात ते सांगतो. हे समजले नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. मोटारींचे कारखाने आता महिन्याचा माल गोदामात भरून ठेवीत नाहीत. माल पडून राहिला म्हणजे पैसा अडकून पडला, हे कॉमर्स शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून भोसरीच्या वर्कशॉपमधला सुटा भाग असो की चेन्नईहून आलेला, तो जोडणीच्या साखळीवर लागायच्या थोडाच आधी फाटकावर हवा. उशीर झाला तर दंड, लवकर आला तर थांबा. दंड नको म्हणून ट्रान्सपोर्टवाला गाडी लवकरच पाठवतो. ती आत घेतली जात नाही, कारण आत जागा नाही. मग ती रस्त्यावर उभी राहते. कारखान्याने गोदामाचे भाडे वाचवले आणि गोदाम रस्त्यावर आणून ठेवले, असा याचा सरळ हिशेब आहे. त्या गोदामाचा रखवालदार म्हणजे आपला ड्रायव्हर. या रखवालीचा पगार कोणत्याच वहीत लिहिलेला नाही. 'हॉल्टिंग' म्हणून जे पैसे लागतात ते लागले तर गाडीच्या मालकाला लागतात. ड्रायव्हरचे काम बहुतेक ठिकाणी खेपेवर. खेप एक दिवसात झाली काय आणि तीन दिवसांत झाली काय, रक्कम तीच.

त्यात भर 'नो एन्ट्री'ची. सकाळी नोकरदार निघतात तेव्हा आणि संध्याकाळी परततात तेव्हा शहरातील व चाकणच्या अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते. कामगारांच्या बस आणि शाळेची मुले त्याच रस्त्याने जातात, तेव्हा बंदी चुकीची असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट पाहा. या साऱ्या औद्योगिक पट्ट्यात ट्रकला ठरल्या वेळी थांबवणारा जर कोणता नियम खरोखर अमलात येत असेल, तर तो हाच. तो मोटारवाल्यांचा रस्ता मोकळा राहावा म्हणून आहे. ड्रायव्हरला झोप मिळावी म्हणून त्याला थांबवणारा कायदाही देशात आहे, तो मला या रस्त्यावर कोठे दिसलेला नाही.

तो कायदा वाचकांनी एकदा नीट पाहावा. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या ठरवून दिलेल्या मार्गांवर अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न. पाच तासांहून जास्त सलग काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विसावा. विसाव्यासकट सगळा दिवस बारा तासांच्या आत संपला पाहिजे. एक दिवसाचे काम सुटल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती. आठवड्याला एक सुटी. रात्री जेथे मुक्काम पडतो तेथे विश्रांतीगृह. हे सारे पासष्ट वर्षांपूर्वी संसदेने लिहून ठेवलेले आहे!

हा आठ तासांचा आकडा आपल्याला परका नाही. बाबासाहेब जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनीच मांडले, आणि १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी, हे तत्त्व संविधानाच्या बेचाळिसाव्या कलमात आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत हे आठ तास पोहोचले. भोंगा झाला, पाळी सुटली. फाटकाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला भोंगाच नाही.

पळवाटा कोणत्या? पहिली मालक तोंडावर फेकतात ती : "आमच्या दोनच गाड्या, आम्हाला कायदा लागू नाही." १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, हे खरे. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ ने मालवाहू वाहन चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच असतील असे म्हटले आहे. तेथे पाचाची अट नाही. ही गोष्ट ड्रायव्हर बांधवांनी पाठ करून ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतील सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत सामावला गेला. आठ तास तेथेही आहेत, परंतु पाचाचा आकडा दहावर गेला. चार-सहा गाड्यांचे मालक या रस्त्यावर किती आहेत ते कोणत्याही ढाब्यावर विचारा, म्हणजे या एका आकड्याचे वजन कळेल.

दुसरी पळवाट अधिक बारीक. वाहतूक खोळंबली, गाडी बंद पडली किंवा नैसर्गिक आपत्ती आली, तर आठ तासांची मर्यादा ओलांडण्याची मुभा १९६१ च्या कायद्याने दिली होती. घाटात दरड कोसळली तर गाडी मध्येच सोडून ड्रायव्हर घरी जाऊ शकत नाही, म्हणून ही सोय. पण चाकणमध्ये खोळंबा रोजचाच! अपवाद जर सोमवार ते शनिवार चालू असेल तर नियम राहिला कोणत्या वारी?

तिसरी गोष्ट पंधरा मिनिटांची. 'कामाचे तास' म्हणजे काय, याची व्याख्या सांगते की कामगार मालकाच्या हुकमात असतो तो सारा वेळ. पुढे तीच व्याख्या सांगते की त्यात ठिकाणावरची पंधरा मिनिटांपेक्षा कमी असलेली नुसती हजेरी धरावी. मग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबला तर? सहा तास थांबला तर? मालक म्हणतो, तो तर आराम करीत होता. माझ्या मते वाक्याचा पहिला भागच खरा आहे. जो माणूस केबिन सोडून जाऊ शकत नाही, कारण केव्हा नंबर पुकारतील याचा नेम नाही, ताडपत्री कोण सोडील याचा भरवसा नाही आणि डिझेल चोरीला गेले तर पगारातून कापले जाईल, तो आराम करीत नाही. तो हुकमात आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका मामांच्या गाडीत बसून मी शिक्रापूरहून चाकणला आलो. मामा मूळचे परभणीकडचे, तीस वर्षे गाडीवर. नागपूरहून माल घेऊन आले होते. केबिनमध्ये समोर भगवान बुद्धांची लहान मूर्ती, तिच्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो, काचेवर निळी रिबन. साडेपाचला शिक्रापूर सोडले. पहिली काही मिनिटे बरी गेली, मग गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. वाटेत मामा बोलत होते, पण माझ्या लक्षात आले की ते मला सांगण्यासाठी बोलत नाहीत, जागे राहण्यासाठी बोलतात. मी विचारले, "मामा, झोपलात केव्हा?"

"परवा."

"आणि काल?"

"काल जालन्याच्या पुढं दोन घंटे डोळा लागला भाऊ. त्याला झोप म्हणायचं का?"

मी म्हणालो, "मग शिरूरला थांबायचे होते. सकाळी आलो असतो."

मामा हसले. "घर तीस किलोमीटरवर दिसायला लागलं की कोण थांबतंय? अन् थांबायचं कुठं? कडेला लावली तर पोलीस उठवतोय, ढाब्यावर लावली तर जेवण घ्यावं लागतंय, अंधारात लावली तर डिझेल जातंय. आणि मालकाचा फोन. सकाळी सातला फाटकावर गाडी पायजे."

घरी आल्यावर मी कागद घेऊन त्रैराशिक मांडले. नागपूर ते चाकण सुमारे सातशे किलोमीटर धरा. भरलेली गाडी टोल, गावे, चढ सगळे धरून तासाला सरासरी चाळीस जाते असे समजा. आठ तासांचे तीनशे वीस. दोन दिवसांचे सहाशे चाळीस. म्हणजे कायद्याप्रमाणे चालायचे तर दुसऱ्या दिवशी मामांचे तास शिरूरच्या आसपास, घोडनदीजवळ संपतात. घर साठ किलोमीटर पुढे. आणि ती साठ किलोमीटर या साऱ्या प्रवासातली सगळ्यांत वाईट! रांजणगावची एमआयडीसी, शिक्रापूरचा चौक, मग चाकणचा रस्ता. सर्वांत जास्त गर्दीचा टप्पा आणि सर्वांत जास्त थकलेला माणूस यांची गाठ येथे पडते. दहा तासांची मंजुरी असती तर ते घरी पोहोचले असते असे कोणी म्हणेल. पण नागपूरला माल भरून घेण्यासाठी जे तास गेले ते या हिशेबात मी धरलेलेच नाहीत. तेव्हा चूक ड्रायव्हरच्या घाईत शोधू नका. 'परवा सकाळी सात' असे जेव्हा कोणी कागदावर लिहितो, तेव्हाच कायदा मोडलेला असतो. ड्रायव्हर फक्त तो मोडलेला कायदा चालवीत नेतो. अपघात झाला की गुन्हा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर.

अमेरिकेत ड्रायव्हरला दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तासच गाडी चालवता येते, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते तास मोजणारे यंत्र सक्तीचे आहे. युरोपात सर्वसाधारणपणे दिवसाला नऊ तास, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचे. तेथील ड्रायव्हरची तक्रार अशी असते, की घर अर्ध्या तासावर आले आणि तास संपले, आता रात्र रस्त्याकाठी काढावी लागणार, आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. ही तक्रार खरी आहे. बायको वाट पाहते, ताट झाकलेले असते, आणि यंत्र म्हणते थांब. मामांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं मशीनसुदिक सांगतंय, झोप म्हणून." तास संपतात ही तिकडची अडचण आहे. आपल्याकडे तास संपतच नाहीत.

मामींचे म्हणणे वेगळे होते, तेही लिहिले पाहिजे. त्या म्हणाल्या, "भाऊ, यांची गाडी नागपूरला असली की मला काळजी नसती. शिक्रापूरला आली म्हणून फोन आला की लागते. तिथून पुढं मी फोन करत नाही. वाजला तर घ्यायला जातील." धाकट्या मुलीच्या दहावीच्या निकालाला मामा तळेगाव चौकाच्या अलीकडे रांगेत उभे होते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेथे ड्रायव्हरच्या घरच्या बायका येतात, पुरुष क्वचित. तीन महिन्यांत मामा दोनदा आले, आणि दोन्ही वेळा भिंतीला टेकून झोपले. कोणीतरी त्यांना जागे करायला निघाले तेव्हा भन्तेजींनी हातानेच नको म्हटले.

पाचव्या शीलाबद्दलही बोलले पाहिजे, कारण ड्रायव्हर म्हटला की लोक बाटलीच दाखवतात. पिऊन गाडी चालवणाऱ्याची मी बाजू घेणार नाही, घेऊही नये. पण जागे राहण्यासाठी तंबाखू, गुटखा आणि कोठल्या कोठल्या गोळ्या तोंडात टाकणारा जो ड्रायव्हर आहे, त्याला नुसता उपदेश करून काय होणार? चोवीस तास जागा ठेवणारे काम तसेच ठेवायचे आणि जागे राहण्याचे साधन तेवढे सोड म्हणायचे, हा कोणता न्याय? सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिलेच कर्तव्य म्हणजे सेवकाच्या शक्तीप्रमाणे काम सोपवणे. पाचवे, वेळच्या वेळी सुटी देणे. आपण विहारात हे सुत्त गृहस्थांचा विनय म्हणून वाचतो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ते कोणी वाचीत नाही.

जुन्या मुंबई रस्त्याने निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीवरून पुढे गेलात की देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षे आधी, बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर वर्षी त्या दिवशी लोक लोटतात. ट्रान्सपोर्टनगरीत गाड्या लावून ड्रायव्हर मंडळीही येतात, कोणी आंघोळ करून, कोणी तेलकट कपड्यांतच. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत त्यांना जरा संकोच वाटतो, बाजूला उभे राहतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना असते, त्या दिवशी नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. आपलाच ड्रायव्हर वळवलेल्या रस्त्याच्या रांगेत आणि त्याचे कुटुंब स्तंभापाशी, असेही होते.

१ जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, ते आठवत असेल. नव्या न्याय संहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलणी करावी लागली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. आपल्या हातात काय ताकद आहे ते ड्रायव्हरांना त्या दोन दिवसांत दिसले. परंतु ती ताकद शिक्षेच्या विरोधात उभी राहिली. तासांसाठी अजून उभी राहिलेली नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रायव्हरांचे तास पाळले जावेत म्हणून केंद्राला राज्यांबरोबर बैठका घ्यायला सांगितले. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, तेही चांगलेच झाले. मामांची गाडी मात्र २०१४ ची आहे.

आमच्या विहाराच्या मंडळींनी यात एक साधे काम हाती घेतले आहे. शंभर पानी वह्या आणल्या, रेघा मारल्या आणि ड्रायव्हर बांधवांना वाटल्या. रकाने पाच : तारीख, गाडी सुरू केल्याची वेळ, फाटकावर पोहोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, झोपेचे तास. फाटकावर पावती किंवा टोकन मिळते, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. उद्या अपघाताची नुकसानभरपाई मागायची वेळ आली, की कामगार अधिकाऱ्यापुढे जायची, तोंडी सांगितलेले कोणी धरीत नाही, लिहिलेले धरावे लागते. इतकी वर्षे कारकुनी केली त्यातून मला कळलेली ही एकच गोष्ट. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या त्यांच्या मुली लिहितात, बाप फोनवर वेळ सांगतो आणि मुलगी टिपते. यामुळे आणखी एक झाले. बाप कोठे किती वेळ अडकला हे घरात पहिल्यांदाच सर्वांना कळू लागले.

मामांची वही मामींकडे असते. मागच्या रविवारी मी ती चाळली. धाकटीचे अक्षर सुरेख आहे. एका ओळीत तिने लिहिले होते : फाटकावर दुपारी ४.२०, आत रात्री ११.०५, झोप – आणि त्या रकान्यात आकडा नव्हता. मी विचारले तर म्हणाली, "बाबा म्हणाले, थांब, सांगतो. मग फोन बंद झाला."